मी बी.ए. झाले
नवरा गेला आणि धारच्या कचेरीत त्याच्या जागी मला घेतलं. त्याच्या जागी म्हणजे नुसतं त्याच्या खात्यात. तो बाबू होता. मी बारावी शिकलेली, म्हणून मला शिपाई केलं. ज्यांना मी घरी बोलावून पुरणपोळ्या वाढल्या, तेच आता खोलीतून हाक मारत, "भाभी, ज़रा पानी." इतक्या अदबीनं मागत की जास्तच झोंबायचं. त्याचं टेबल तेव्हा रिकामंच होतं. साहेब एकदा म्हणाले, "भाभीजी, बी.ए. कर लो, फिर इसी टेबल का सोचते हैं." ते डोक्यात पक्कं बसलं.

दूरशिक्षणात नाव घातलं. पुस्तकं हिंदीत, रविवारी एका कॉलेजात वर्ग. सर आले तर आले. बाकांवर आम्ही सगळे वयानं वाढलेले: अंगणवाडीच्या बाया, एक बस कंडक्टर, कुक्षीहून येणारा एक हवालदार. पोरांच्या त्या अरुंद बाकांत आमचे गुडघे मावत नसत. कुणीच शिकवायला आलं नाही की आम्ही डबे उघडायचो आणि सरांना शिव्या घालायचो.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर आणि नवऱ्याची तिथी एकाच दिवशी आली. मी गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबले होते. पण मध्ये अधिक मास पडला आणि तिथी पुढे सरकून नेमकी पेपरावर येऊन बसली. आम्हाला मूल नाही. श्राद्ध देवासला सासरेच करतात. म्हातारा बाप मुलाला पिंड देतो आणि मी पानं वाढते, असं दरवर्षीचं. मी फोन केला.

"मामंजी, त्या दिवशी माझा पेपर आहे. बुडला तर वर्ष जाईल."

"त्याच्यापेक्षा परीक्षा मोठी झाली का, सूनबाई?"

"त्याच्याच जागेसाठी देतेय ना!"

त्यांनी फोन ठेवला.

मी पेपर दिला. दुपारी, पानं वाढायच्या वेळेला, पेन थांबलं. तिकडे आज कोण वाढत असेल? स्वतःचाच राग आला. मग खाली मान घालून लिहीत सुटले. त्यानंतर मामंजी माझ्याशी बोलेनासे झाले. फोन केला की शेजारीण उचलायची आणि ते पूजेत आहेत म्हणून सांगायची.

पास झाले. पेढे घेऊन साहेबांकडे गेले. साहेब आता दुसरे होते. पेढा खात त्यांनी गुणपत्रक पाहिलं. "बहुत अच्छा. पर ये पद तो अब ठेके पर भरेंगे. ऊपर से आदेश है." महिन्याभरात त्या टेबलावर कंत्राटी बाबू आला, ताजा पदवीधर. मला आंटी म्हणतो. रडू आलं नाही, संताप आला. उरलेले पेढे कुणालाच वाटले नाहीत, घरी आणून मीच संपवले.

दिवाळीत देवासला गेले. निकालाचं कुणीतरी मामंजींच्या कानावर घातलं होतं. त्यांनी पाट मांडला, मला बसवलं आणि स्वतः वाढायला लागले.

"त्याच्याच टेबलाशी बसवलं ना तुला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग त्या दिवशी आली नाहीस ते बरंच केलंस," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"हो, मामंजी," मी म्हणाले आणि पुढ्यातला भात कालवत राहिले.