पत्रिकेवरची रिकामी ओळ

हबीबभाईंकडे घाईनं गेलेला माणूस भांडूनच परत येतो. मी स्वतः तीनदा भांडलो आहे. कारंजात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाला लागूनच घर. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. काढलेला प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमानं पांढऱ्या फडक्यावर मांडायचा, ही वडिलांची शिस्त मुलानं उचलली. कॉम्प्युटरच्या पोटातल्या गोष्टी फडक्यावर मांडता येत नाहीत, म्हणून हबीबभाई जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवतात: काय काढलं, किती वाजता काढलं, मशीन बंद करून चालू केल्यावर काय दिसलं. पहिली ओळ मात्र ठरलेली. मशीनला हात लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला विचारतात, "खातं कोणाच्या नंबरवर हाय?" म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करताना उघडलेलं खातं. उत्तर लिहिल्याशिवाय पुढं जात नाहीत. गिऱ्हाईक वैतागून उठून गेलं तरी नाहीत.

मी शाळेत गणित शिकवतो आणि लवकर तापतो. दोन्ही गोष्टी साऱ्या गावाला ठाऊक आहेत.

त्या रविवारी सकाळी साडेदहाला मी योगिनीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. योगिनी माझी विद्यार्थिनी, कामरगावच्या जानराव आणि सोजरबाईंची मुलगी. एका मोठ्या संस्थेच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्याच दिवशी दुपारी दोनला होती, आपापल्या लॅपटॉपवर बसून द्यायची. पास झाली तर शिकणं, राहणं, जेवणं सगळं संस्थेचं. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला बसता येणार नव्हतं. कामरगावात नेट धड चालत नाही, म्हणून हबीबभाईंच्या बायकोनं, शाहजादीभाभींनी, आपल्या घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती.

सगळं जमलं होतं. आडवा आला तो लॅपटॉप. विकत घेतानाच त्यात साठ दिवसांचा फुकटचा अँटीव्हायरस भरून आला होता. साठ दिवस संपले आणि त्यानं छळ मांडला. दर पाच-दहा मिनिटांनी टिंग वाजायचं आणि पडद्यावर लाल चौकट यायची: मुदत संपली, आता विकत घ्या. परीक्षेचा नियम असा की पेपरवर दुसरी कोणतीही चौकट तीनदा आली, की पेपर बंद. आदल्या दिवशीच्या सराव परीक्षेत योगिनीचा पेपर वीस मिनिटांत बंद पडला होता.

हबीबभाईंनी पत्रिका उलटी केली, पेन उघडलं. "बेटा, खातं कोणाच्या..."

"अहो, ते नंतर लिहा!" मी मध्येच ओरडलो. "दोनला पेपर आहे, सव्वादोनला दार बंद. आधी ते काढा."

त्यांनी योगिनीकडे पाहिलं. पोरीचे ओठ सुकले होते. हबीबभाईंनी पहिली ओळ रिकामी सोडली आणि दुसरीवर लिहायला लागले. मी मनात म्हटलं, चला, आज शहाणपण सुचलं.

पावणेअकराला त्यांनी तो अँटीव्हायरस नेहमीच्या रीतीनं काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. सात मिनिटांनी टिंग. लाल चौकट पुन्हा हजर. पत्रिकेवर एक ओळ वाढली. मग त्यांनी त्याचा एक लपलेला जोडीदार शोधून काढला. हा जोडीदार मूळ प्रोग्रॅम गेला की त्याला गुपचूप पुन्हा आणून बसवत होता. त्यालाही काढलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा वाट पाहणं. नऊ मिनिटं झाली आणि मला वाटलं सुटलो. टिंग.

योगिनी दचकली. मी टेबलावर हात आपटला.

"सर, दम धरा," हबीबभाई म्हणाले. "ह्याची मुळी वेगळीच हाय. कंपनीनं स्वतःच काढायचं एक अवजार देलं हाय, पण ते चालवाले मशीन सेफ मोडमध्ये न्यावं लागते. म्हंजे बाकी सारं झोपलेलं, फक्त मशीन जागी."

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी लॅपटॉप सेफ मोडसाठी बंद केला. चालू झाला तेव्हा पडदा निळा होता. मशीनला कुलूप आहे, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली टाका, म्हणत होता. किल्लीशिवाय पुढं काही नाही; पेपरही नाही.

हबीबभाईंचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्यांनी पत्रिकेची रिकामी ओळ पाहिली. मीही पाहिली.

"किल्ली खात्यात ठेवलेली असते," ते हळू म्हणाले. "बेटा, खातं कोणाच्या नंबरवर हाय?"

"आईच्या. लॅपटॉप घेतला तवा माझा फोन पाण्यात पडला व्हता."

हायसं वाटलं. आईच्या तर आईच्या. हबीबभाईंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून खातं उघडायचा कोड मागवला. तो सोजरबाईंच्या साध्या, बटणांच्या फोनवर गेला. योगिनीनं लगेच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, तुया फोनवर सहा आकडे आले असतीन. सांग लवकर."

"आले हायेत," पलीकडून सोजरबाई म्हणाल्या. "पण मी सांगत नाही."

"काहून वं?"

"फोनवर कोणाले सांगाचे नसतेत."

हबीबभाई पुढं झुकले. "सोजरबाई, मी हबीब बोलून राह्यलो. कारंजाचा."

"हबीबभाऊ असे मांगतच नाहीत. त्याईनंच आमाले सांगतलं, मी मांगतला तरी देऊ नका म्हणून."

खरं होतं ते. मागच्या वर्षी कामरगावच्या चंदाबाईला कोणीतरी फोनवर गोड बोलून, कोड काढून घेऊन फसवलं, तेव्हा हबीबभाई कोणी न बोलावता तिथं गेले होते. बचत गटाच्या बायकांना एका ओट्यावर बसवून त्यांनी तीन तास एकच गोष्ट घोकून घेतली होती. पोरीचा आवाज ऐकू आला तरी देऊ नका, आजकाल मशीन आवाज काढते. कोणी रडलं तरी देऊ नका. माणूस डोळ्यांनी दिसला, तरच.

"आई, मी खरंच योगिनी हावो वं!" योगिनीला रडू फुटलं.

मग सोजरबाईंचा आवाज आला, पण आता तो कापत होता. "असंच रडतेत. माय पाघळते म्हणून रडतेत."

मी फोन हिसकावला आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की फोन कट झाला. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. आठ वेळा लावला. नंतर बंदच लागू लागला. एक वाजायला पाच मिनिटं होती.

"अडाणी बाई!" मी म्हणालो. "पोरीचं आयुष्य बुडवते आहे."

"तसं बोलू नका," हबीबभाई एकदम कडक आवाजात म्हणाले. "तिनं बरोबर केलं. चुकलो मी. पह्यली ओळ मी रिकामी सोडली, अन् फोनवर कोड बी मीच मांगतला."

पहिली ओळ कोणामुळे रिकामी राहिली, हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी मोटारसायकल काढली आणि कामरगावच्या रस्त्याला लागलो.

त्या रस्त्यानं मी कधी इतकी गाडी पळवली नव्हती. जाऊन यायला वेळ पुरणार नाही हे गणित मला न मांडताही कळत होतं. तिथूनच फोन करून कोड सांगू, असं मनाशी म्हणत होतो. आठ-दहा किलोमीटरवर एका फाट्याला काळीपिवळी जीप उभी दिसली. ड्रायव्हर सीट भरायची वाट पाहत होता आणि एक बाई त्याच्याशी तावातावानं भांडत होती. पायांना शेतातली माती तशीच लागलेली, पदराच्या टोकाला गाठ मारलेली. सोजरबाई.

मी गाडी आडवी घातली. "सोजरबाई! बसा मागं!"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सर, फोनवर तुमीच आरडत व्हते ना?"

"हो."

"योगिनी खरंच रडून राह्यली?"

"खरंच."

"मंग आदी सांगाले काय झालं व्हतं?" असं म्हणून त्या मागं बसल्या. फोन पदराच्या गाठीत होता. वाजून वाजून त्याची बॅटरी उतरली होती. रस्ताभर त्यांनी ती गाठ मुठीत धरून ठेवली होती.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही पोचलो. सोजरबाई दुकानात शिरल्या त्या सरळ पोरीकडे. तिच्या गालावरून हात फिरवला, मग हबीबभाईंना नीट पाहिलं आणि गाठ सोडली.

"आता मांगा," त्या म्हणाल्या.

शाहजादीभाभींनी फोन चार्जरला लावला. नवा कोड आला. सोजरबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. एकेक आकडा बोटानं दाबून धरत त्यांनी वाचला. खातं उघडलं. किल्ली दिसली. हबीबभाई सहा-सहा आकडे सांगत गेले, योगिनी टाकत गेली, आणि मला तोंड बंद ठेवायची ताकीद मिळाली. निळा पडदा गेला तेव्हा एक वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

मग ते अवजार चाललं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. एक पन्नासला ती भरली. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. आम्ही पाचही जण त्या टिंगची वाट पाहत बसलो. काही वाजलं नाही.

"अजून एकदा बंद करून चालू करू," हबीबभाई म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

दोनला चार मिनिटं कमी होती. माझ्या जिभेवर शब्द आले होते. मी ते गिळले आणि म्हणालो, "करा."

दोन वाजून सहा मिनिटांनी योगिनी परीक्षेत शिरली. भाभींनी खोलीचं दार लोटून घेतलं.

दीड तास आम्ही चौघं दाराबाहेर बसलो होतो. पंखासुद्धा बंद केला होता, आवाज ऐकू यावा म्हणून. गल्लीत सायकलची घंटी वाजली तरी चौघं दचकायचो. मनातल्या मनात मी सोजरबाईंची माफी मागत होतो. मोठ्यानं मागायला पाऊण तास लागला.

"मले नका मांगू," त्या पुटपुटल्या. मग हबीबभाईंकडे वळल्या. "पण तुमी! आमाले तीन तास बसोलं, घोकून घेतलं, अन् फोनवर कोड मांगाले तुमीच?"

हबीबभाईंनी मान खाली घातली. "चुकलं, बाई."

"मी जर देला असता, तं?"

"देला असता तं आज काम झटकन झालं असतं. अन् उद्या दुसऱ्या कोणी रडून मांगतला असता, तं तुमी त्याले बी देला असता."

सोजरबाई पदर तोंडाला लावून दाराकडे पाहत राहिल्या.

साडेतीनला दार उघडलं. योगिनीचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. "एकबी खेप नाही वाजलं," ती म्हणाली. "सारा पेपर सोडवला." सोजरबाईंनी तिला जवळ ओढलं आणि मग स्वतःच हमसून रडल्या. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. मलाही आवरत नव्हतं.

परत आलो तेव्हा हबीबभाई पत्रिका समोर घेऊन बसले होते. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं: सोजरबाई जानराव, कामरगाव. खाली तारीख टाकली.

सोजरबाईंनी आपला फोन त्यांच्यापुढं धरला. "तो कोडवाला मेसेज काढून टाका. पुरा."

"त्याचा टाइम संपला बाई, आता काही उपयोग नाही त्याचा."

"तरी काढा."

हबीबभाईंनी दोन्ही मेसेज काढले आणि फोन त्यांच्या हातात दिला. सोजरबाईंनी तो घेतला नाही.

"असा नाही," त्या म्हणाल्या. "बंद करून चालू करा. वापस येते का ते मले पाहू द्या."