खुंटीवरच्या तीन पिशव्या

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं वेळेवर लागतं, संकटसुद्धा. मागच्या पुरात गल्लीत पाणी शिरलं, त्यानंतर घड्याळकाकांनी दाराजवळ तीन खुंट्या ठोकल्या आणि तीन पिशव्या टांगल्या. कुत्र्याच्या पिशवीत कोरडं खाणं, जादा पट्टा आणि फेफऱ्याच्या गोळ्या. पाखरांच्या पिशवीत दाणे आणि पिंजऱ्यावर टाकायचं कापड. मांजरीच्या पिशवीत वाळू, पसरट भांडं आणि काकूंची जुनी शाल. मांजरी काकूंचीच. "हिला तेवढी टाकू नका," एवढं सांगून काकू गेल्या होत्या. उभ्या जन्मात काकांनी बायकोचं ऐकलेलं हे पहिलंच काम.

दर रविवारी तालीम व्हायची. काका हातात घड्याळ धरून ओरडायचे, "पाणी आलं!"

"पाणी येईल तेव्हा येईल, बाबा," सून हातातलं काम टाकून धावत म्हणायची, "माझा जीव त्याच्या आधी जाईल."

वीस मिनिटांवरून सगळे अकरावर आले. कुत्रा आपण होऊन दाराशी उभा राहायला शिकला. मांजरीही शिकली. पिशव्या खुंटीवरून निघाल्या की आपल्याला टोपलीत कोंबतात, हे ओळखून ती कपाटाखाली पार भिंतीला जाऊन चिकटायची. पिशव्या परत टांगल्या की बाहेर येऊन शांतपणे पंजा चाटत बसायची.

"खऱ्या वेळी येईल बरोबर," काका म्हणायचे.

खरी वेळ आली बुधवारी संध्याकाळी. धरणाचं पाणी सोडलंय, घरं रिकामी करा, असं भोंग्यावरून सांगत ट्रक कोपऱ्यावर थांबला. सून कुत्रा आणि पिंजरा घेऊन पुढे गेली. पिशव्या आणि मांजरी काकांकडे. गल्लीत घोट्याएवढं पाणी झालं होतं.

काकांनी पिशव्या काढल्या आणि मांजरी कपाटाखाली गेली.

त्यांनी हाका मारल्या, काठी घातली, शेवटी पालथं पडून हात घातला; मनगटावर चार ओरखडे मिळाले. पाणी उंबरठा ओलांडून आत आलं. बाहेरून सून ओरडली, "बाबा, ट्रक निघतोय! चला!"

काका उठले. त्यांनी तिन्ही पिशव्या एकेक करून खुंटीला लावल्या. मग आपल्या टेबलाशी बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि एक बंद घड्याळ उघडलं. पहिलाच स्क्रू हातातून निसटून खाली पडला. तरी ते रोजच्यासारखं गुणगुणत राहिले. सून पुन्हा ओरडली. काकांनी मान वळवली नाही.

पाय झटकत मांजरी बाहेर आली. टेबलावर चढली. पंजा चाटू लागली.

काकांनी झडप घातली, तिला सदऱ्यात कोंबलं आणि पाण्यातून धावत सुटले. आत ती फाडत होती, ओरडत होती. रविवार संपला म्हणून विश्वासानं आलेल्या जिवाला आपण फसवलं, हे त्यांना छातीवर लागत होतं.

काका वर चढले आणि ट्रक हलला.

"मिळाली बाई एकदाची!" सून म्हणाली. मग तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. "बाबा... पिशव्या?"

काकांनी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. कुत्र्यानं त्यांच्या पायावर डोकं टेकलं. त्याची गोळी सातला असायची. काकांनी मनगट वळवून पाहिलं. सातला वीस मिनिटं कमी होती.