उत्तरबाई

ऑफिसात तिला सगळे उत्तरबाई म्हणत. साहेबांच्या केबिनबाहेर तिचं टेबल. मागे भिंत, पुढे कपाट. उठायचं तर आधी खुर्ची आडवी करावी लागे. साहेबांची प्रत्येक ईमेल तीच लिही. वर ‘फ्रॉम’मध्ये साहेबांचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात ‘सेंडर’ म्हणून हिचं. उत्तरं वाचायचा साहेबांना कंटाळा, म्हणून त्यांच्या खात्याला ‘रिप्लाय-टू’चा, म्हणजे उत्तरं येण्याचा, पत्ताही कायमचा हिचाच लावलेला. मान त्यांचा, बोलणी हिला.

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा तिने लेकीच्या गावी बदली मागितली. मुख्य कार्यालयाने साहेबांची संमती मागवली.

“लिहा की तुम्हीच, बाई. माझी कसली हरकत?” साहेब म्हणाले.

तिने लिहिली, पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : अर्ज जिचा, संमती पाठवणारीही तीच दिसते, साहेबांनी स्वतः कळवावं. ‘सेंडर’च्या त्या ओळीने घात केला होता. हजार पत्रं लिहिली, एवढं एकच तिला लिहिता येत नव्हतं.

साहेब हसले. “बरं, मीच लिहितो. आपल्या माणसासाठी एवढंही करू नये?”

तिने त्यांना कुठे काय दाबायचं ते दाखवलं आणि बाहेर येऊन बसली. आतून एका बोटाने ठोकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“गेलं हो बाई! आता बांधा सामान.”

संध्याकाळी लेकीचा फोन. “आई, नक्की ना गं? नाहीतर सासूबाई आत्ताच सुट्टी मागून ठेवतील.”

“नक्की. साहेबांनी स्वतः लिहिलंय.”

सकाळी संगणक उघडला, तर पहिलंच पत्र मुख्य कार्यालयाचं. पत्र साहेबांना उद्देशून. पण त्यांच्या खात्यातून गेलेल्या पत्राचं उत्तर दुसरीकडे जाणार कुठे? ‘आपण कळवल्यानुसार बाईंशिवाय आपलं काम अडेल. सबब बदली नामंजूर.’

केसाने गळा कापायचा तो असा. तिने पुन्हा वाचलं. मग रोजच्यासारखा त्याचा छापील कागद काढला, खुर्ची आडवी करून उठली आणि तो साहेबांपुढे ठेवला. हात टेबलावरून काढला नाही.

साहेब फोनवर होते. त्यांनी कागदाकडे न बघता कोपऱ्यात सही ठोकली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, “काय असेल ते उत्तर देऊन टाका, बाई.”

ती जागेवर येऊन बसली. मोबाइलवर लेकीचं नाव लुकलुकत होतं. तिने तो पालथा घातला आणि लिहायला घेतलं : ‘आपल्या निर्णयाबद्दल आभारी आहे.’

वर साहेबांचं नाव आपोआप आलं. खाली बारीक अक्षरात तिचं.