ठकूबाईचा दगड

ठकूबाई ढमाले मुळशीच्या जुन्या गढीवर झाडलोट करते. तरुणपणी नवऱ्याच्या ट्रकवर ती क्लीनर होती. ती सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तेव्हापासून उतारावर गाडी दिसली की चाकाला दगड लावायची तिला खोडच आहे.

रविवारी जुन्या गाड्यांचा क्लब गढीवर जमला. क्लबातल्या पाटणकरसाहेबांच्या उतारावर उभ्या लाल गाडीला ठकूबाईने दगड लावला. फोटोत वाईट दिसतो म्हणून साहेबांनी तो पायाने उडवला.

गढीचा मॅनेजर तिच्यावर खेकसला, "पुन्हा गाडीला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं," म्हणत तिने दगड उचलून कडेवर घेतला.

उताराच्या तळाशी साहेबांच्या ऐंशीच्या आई खुर्चीत चहा पीत होत्या. तेवढ्यात लाल गाडीचा हँडब्रेक सुटला. गाडी बोटभर सरकली, मग हातभर, मग सुटलीच. माणसं नुसती ओरडली. ठकूबाई धावली आणि चाकापुढे दगड टाकून बाजूला झाली. आईंच्या गुडघ्यांपासून वीतभरावर गाडी थांबली.

"मग, उद्या येऊ का न्हाई?" तिने मॅनेजरला विचारलं.

उत्तर साहेबांनीच दिलं, "याच, बाई. पण आधी बाकीच्या वीस गाड्यांना दगड लावा."