मोडलेली काडी

परळच्या ज्या वकीलबाईंकडे मी काम करते, तिथे ती एकदाच आली. साठीची, लालबागच्या चाळीतली. गळा मोकळा होता, तरी हात सारखा गळ्याशी जायचा आणि काही न सापडून खाली यायचा.

नवरा वारला आणि त्याची पहिली बायको गावाहून येऊन खोलीवर हक्क सांगू लागली.

"पहिलीशी घटस्फोट झाला होता का?" बाईंनी विचारलं.

"झालेला ना! गावात पंचांनी काडी मोडली, मगच माझं लग्न लागलं."

"मावशी, काडीमोडीची रीत तुमच्यात होती आणि तुमच्या नवऱ्याने ती पाळली, हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. कोणी साक्षीदार?"

"पंच कधीच गेले. आणि मोडलेली काडी कोण जपून ठेवतं ओ?"

ती स्वतःच हसली. बाई हसल्या नाहीत. "नाहीतर कायद्याने पहिलीच बायको."

आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. एका बाईला काडी मोडून घालवून देणं मला आजही पटत नाही. पण त्याची शिक्षा भोगायला ही समोर बसली होती.

चपला घालताना ती माझ्याकडे वळली.

"बाय, तू शिकलेली, तूच सांग. हे गेले तेव्हा शेजारणींनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. तेव्हा कोणी पुरावा नाय मागितला."