पाठवल्याची पावती

माझ्या बायकोच्या मामांइतका माणसांवर विश्वास टाकणारा आणि टपालावर अजिबात न टाकणारा गृहस्थ इंग्लंडमधल्या आमच्या अख्ख्या स्लाऊ गावात दुसरा नसेल. तीस वर्षं ते ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करण्याच्या कामावर, होते. ते रिटायर झाले, त्यांच्यातलं डिस्पॅच झालं नाही. दिवाळीचं कार्ड असो की कौन्सिलला पाठवायचा फॉर्म, पोस्टात रांग लावून ते पाठवल्याची पावती घेतात. तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आम्हालाही कार्ड पोस्टानेच येतं. "मामा, हातातच द्या ना," मी एकदा म्हणालो. "आणि उद्या मिळालंच नाही म्हणालात, तर?" काउंटरवरची बाई त्यांना पाहिलं की न विचारता शिक्का उचलते.

या मामांचा एक पत्रमित्र अमेरिकेतल्या एका राज्याच्या तुरुंगात जन्मठेप भोगतो आहे. लायब्ररीतल्या नोटीस बोर्डावरून त्याचा पत्ता घेतला, त्याला नऊ वर्षं झाली. गुन्हा आपण केला नाही आणि वकिलाने महत्त्वाचा साक्षीदार बोलावलाच नाही, असं त्याचं म्हणणं. राज्याच्या कोर्टांनी ते फेटाळलं. उरलं एकच दार: फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज. ही कैद कायद्याला धरून आहे का ते तपासा, अशी विनंती. मुदत एका वर्षाची. चुकली की दार बंद. वकील नसल्यामुळे अर्ज तो स्वतःच लिहीत होता. मामांना कायद्यातलं काही कळत नाही. ते वर्षभर प्रत्येक पत्राच्या शेवटी एवढंच लिहीत राहिले, "अर्ज देशील तेव्हा तारखेसकट सही घे."

"मामा, ते काय तुमचं गोदाम आहे?" बायको चिडवायची.

"गोदामच गं. फक्त माल माणसांचा."

अर्ज कोर्टात पोचला तो मुदत संपून चार दिवसांनी. तेवढ्यावरच तो फेटाळा, असं सरकारी वकिलाचं म्हणणं पडलं. पण कैद्याने अर्ज तुरुंगाच्या टपालात दिला, तोच दाखल झाल्याचा दिवस असं तिथलं कोर्ट धरतं. आणि याच्याकडे रक्षकाची सही होती, मुदतीच्या आदल्या दिवसाची. अर्ज वेळेत आहे, असा आदेश झाला.

ते पत्र मामांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे सुटला?" मी विचारलं.

"छे हो, जावईबापू. आता कुठे ऐकून घेणार आहेत."

उत्तर टाकायला मीही त्यांच्याबरोबर पोस्टात गेलो. बाईने शिक्का मारून पावती पुढे सरकवली. मामा तोवर दारापाशी पोचले होते, चष्मा काढून पुसत. पावती मी उचलली. निकाल अजून आलेला नाही. पावती माझ्या पाकिटात आहे. मामांनी ती अजून मागितलेली नाही.