फिलिन्ना गळा काढत नाही

एजिना बेटावर मढ्यापुढे रडावं ते फिलिन्नानेच. मेलेल्याचे गुण गात ती गळा काढायची आणि बाकीच्या बायका तिच्यामागून सूर धरून ऊर बडवायच्या. तिने सुरुवात केल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीतच होती. तिचं रडणं ऐकून चिक्कू वारसदारसुद्धा विरघळायचे आणि ठरल्याहून जास्त बार्ली देऊन मोकळे व्हायचे. बंदरावरचे म्हातारे तर म्हणायचे, "मरायचंच असेल तर फिलिन्नाचा घसा शाबूत आहे तोवर उरकून घ्यावं."

तिचा नवरा थ्रासोन नावाडी. समोरच्या किनाऱ्यावर अथेन्सचं बंदर. तिथे तेलाचे बुधले उतरवायचे आणि परतीचा माल मिळेपर्यंत शहरातल्या ओसरीत जाऊन बसायचं, हा त्याचा शिरस्ता. त्या ओसरीत विद्वान मंडळी सद्गुण म्हणजे काय, यावर दिवसदिवस वाद घालायची. थ्रासोन खांबाला टेकून भाकरी-कांदा खात ते ऐकायचा आणि घरी येऊन बायकोचं डोकं खायचा.

"काल तू ज्याला न्यायी, दयाळू, देवमाणूस म्हणालीस ना, तो जन्मभर मापात मारत आला. अख्ख्या बंदराला माहीत आहे."

"मेला ना आता तो! मेलेल्याचं कशाला वाईट बोलायचं?"

"म्हणजे जिवंतपणी सगळे लुच्चे आणि मेले की सगळे सद्गुणी. मग सद्गुणी व्हायला नुसतं मरण पुरतं म्हणायचं!"

ती चिडायची. पण नवऱ्याचं हे खूळ तिला मनातून आवडायचं, आणि ते तिने त्याला कधी कळू दिलं नाही.

मग थ्रासोनच्या पोटात पाणी झालं. वैद्याने हात टेकले. एका दुपारी त्याने तिला जवळ बसवून घेतलं.

"मी गेल्यावर तू गळा काढायचा नाहीस."

"काय बोलताय हे? गावभरच्या मढ्यांसाठी रडले आणि तुमच्या वेळी तोंड शिवून बसू?"

"त्या रडण्यात तू काय सांगतेस? याचं फार वाईट झालं. झालं का वाईट? तुला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"कुणालाच नाही. चांगलं असेल, वाईट असेल, काहीच नसेल. मलाही कळत नाही. पण जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही, एवढं एकच मी त्या ओसरीतून घरी आणलंय. माझ्यापुढे तरी खोटं गाऊ नकोस."

"आणि मला रडू आलं तर?"

"डोळ्यांतून आलं तर येऊ दे. गावाला ऐकवू नकोस."

तिने शब्द दिला. रागारागानेच दिला, पण दिला.

थ्रासोन गेला. दाराकडे पाय करून त्याला निजवलं. बायका जमल्या, केस मोकळे सोडून बसल्या आणि फिलिन्नाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. फिलिन्ना नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ओठ घट्ट मिटलेले. सुरुवातच होईना, म्हणून बायकांनी छाती बडवायला उचललेले हात तसेच राहिले. घरात एवढी शांतता पसरली की बाहेर बांधलेल्या गाढवाचं चरणं ऐकू येत होतं.

थ्रासोनची थोरली बहीण अर्खिप्पे शेवटी कडाडली, "अगं, सुरू कर की! लोकांच्या मढ्यांपुढे आभाळ फाडतेस आणि माझ्या भावाला एक हुंदका नाही?"

"मी त्यांना शब्द दिलाय, वन्सं."

"मेलेल्याला काय कळतंय तुझा शब्द?"

"कळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे?"

अर्खिप्पेने स्वतःच गळा काढला. तो मध्येच चिरकला, दोघीतिघींनी कसाबसा सूर धरला. फिलिन्नाच्या ओठांपर्यंत सगळं गाणं आलं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांवर उधळलेले सगळे गुण या एका माणसात खरोखर होते, आणि नेमकं त्याच्यासाठी ते गायचं नव्हतं. तिने दात आवळले.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. नवऱ्यासाठी जिला पाझर फुटला नाही ती आपल्यासाठी काय रडणार, असं लोक उघड म्हणू लागले. फिलिन्ना बंदरावर मासे खारवायला जाऊ लागली. हातांना मिठाने चिरा पडल्या. अर्खिप्पे समोरून आली की थुंकून रस्ता बदलायची.

हिवाळ्यात अर्खिप्पेच अंथरुणाला खिळली. पाय सुजले, श्वास पुरेना. तिने फिलिन्नाला बोलावणं पाठवलं. फिलिन्ना हात धुऊन तशीच गेली.

"रडणाऱ्या बायका आत्तापासून चौकशा करून जातायत," अर्खिप्पे धापा टाकत म्हणाली. "जी ती सांगते, मेल्यावर तिकडे हिरवी कुरणं आहेत. सांगताना माझ्याकडे बघत कुणीच नाही. तू शेकडो मढी पाहिलीस. खरं सांग, काय आहे तिकडे?"

कुरणांचं गाणं फिलिन्नाला तोंडपाठ होतं. ते गायलं असतं तर ही म्हातारी घटकाभर निवली असती, गावात पुन्हा नाव झालं असतं. फिलिन्नाने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"मला ठाऊक नाही, वन्सं."

अर्खिप्पे अंथरुणावर थोडी सरकली आणि तिने जागा करून दिली.

"मग बस इथे," ती म्हणाली. "मलाही ठाऊक नाही, आणि एकटीला फार भीती वाटते."